ओळंब्याचा दोरा

ता. ४ जानेवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण आमच्या खोलीत आडवं व्हायला दोघींपुरतीच जागा आहे आणि ती आत्ता तुझ्या भाचीने वह्या पसरून अडवली आहे. तेव्हा बसल्या जागेवरून नमस्कार. वहिनीलाही सांग. आम्ही दोघी मजेत आहोत. तुझी गिरणी, तुझा गुडघा आणि वहिनीची डोकेदुखी, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालते.

पाकीट उलटंसुलटं करून तू म्हणशील, अकरा वर्षांनी हिला पत्र लिहायचं काय सुचलं, फोन नव्हता का? फोन आहे. नंबरही आहे, तुझ्या धाकट्याने दिला होता. पण मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा माझा आवाज ओळखल्याबरोबर तू गिरणी चालू केलीस आणि म्हणालास, काही ऐकू येत नाही. पत्राला गिरणीचा आवाज आडवा येत नाही. शिवाय सोबत एक कागद जोडला आहे, त्याचं पुढे सांगते. आधी चार बऱ्या गोष्टी वाच, म्हणजे कागद बघून कपाळाला आठ्या पडणार नाहीत.

पहिली गोष्ट तुझ्या भाचीची. नववीत आहे. उंचीने माझ्या पुढे गेली आणि जिभेनेही. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांचे अर्ज तीच भरते. एखादा शब्द अडला की मी तिला विचारते आणि ती मास्तरणीच्या थाटात सांगते. पत्र मात्र वाचायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून फुगून बसली आहे.

दुसरी गोष्ट नीट टेकून बस आणि मग वाच. मी गवंडी झाले. बिगारी नव्हे, गवंडी. थापी माझी, गिलाव्याचा रंधा माझा, आणि भिंत माझ्या नावावर मोजली जाते.

तुला खोटं वाटेल. इथे सगळ्यांनाच वाटलं. मी सहा वर्षं घमेली वाहिली. बायकांनी माल कालवायचा, वर पोचवायचा आणि पुरुषांनी तो भिंतीला लावायचा, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण थापी आपणहून कुणी बाईच्या हातात देत नाही. मग मी काय केलं, जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागची भिंत धरली. तिथे कुणी फिरकत नाही. उरलेला माल घ्यायचा, हातभर जागेवर गिलावा करायचा आणि सुकायच्या आत खरवडून काढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षभर. वॉचमनला वाटायचं की त्या भिंतीला काहीतरी बाधा झाली आहे, रोज ओली होते आणि रोज उघडी पडते. तो तिथून जाताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा.

मग एकदा एक गवंडी अचानक काम सोडून गेला आणि दुसऱ्या दिवशी टाइल्सवाले येणार होते. सुपरवायझर डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, मी करते. तो हसला आणि म्हणाला, करा, नाहीतरी उद्या पाडायचीच आहे. सकाळी त्याने भिंतीला पट्टी लावली. उभी लावली, आडवी लावली, तिरपी लावली. मग निघून गेला आणि दुपारी मला दुसऱ्या खोलीची भिंत दिली. आता माझ्या हाताखाली दोन बिगारी आहेत. त्यातला एक चांगला झुपकेदार मिशांचा आहे. पहिला आठवडाभर तो मला माल देताना आकाशाकडे बघायचा. आता विचारतो, बाई, आणखी पातळ करू का?

साइटवर मला एक टोपणनावही पडलं आहे. ते आत्ता सांगत नाही.

आता कागदाकडे येते. आमच्यात एक बाई आहे, सगळे तिला शिडी म्हणतात, कारण तिला कशावर न चढता खिडकीच्या वरपर्यंत हात पोचतो. मागच्या पावसाळ्यानंतर ती परांचीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तिच्याकडे कामगार मंडळाचं पक्कं कार्ड होतं. दवाखान्यात ते दाखवलं आणि तिला लगेच आत घेतलं. ती उभी राहीपर्यंत मंडळाने तिचं घर चालवलं. त्याच महिन्यात दुसरा एकजण पडला, त्याच्याकडे कार्ड नव्हतं. ठेकेदाराने त्याला बसमध्ये बसवून दिलं आणि सांगितलं, गावी जा, बरा झालास की ये. त्याचं गाव आपल्यासारखंच, धरणाच्या पाण्याखाली. तो कुठल्या गावी गेला असेल, दादा? आम्ही सगळ्या त्या बसकडे बघत उभ्या होतो.

माझ्याकडे आहे ते कच्चं कार्ड, त्यावर बिगारी लिहिलेलं, दर वर्षी मरतं आणि दर वर्षी नव्याने काढावं लागतं. पक्क्या कार्डाला दोन गोष्टी लागतात. एक परीक्षा, ती पुढच्या महिन्यात आहे, तिची मला काळजी नाही. दुसरा दाखला, आपण मूळचे कुठले त्याचा. मी पुनर्वसन कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने जाडजूड यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, गाव आहे. घर आहे. घरातली माणसं पाच आहेत. तुम्ही नाही.

मला ते माहीत होतं. मोजणीचा कारकून आला तेव्हा मी दाराआड चहा गाळत होते. तू तुझं नाव सांगितलंस, वहिनीचं सांगितलंस, तिन्ही मुलांची सांगितलीस. कारकून म्हणाला, आत कोण आहे? तू म्हणालास, "बहीण आहे, दिल्या घरची. पाहुणी आलीय." नवरा गेल्यावर मी पोरीला घेऊन आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. पाहुणीने दोन वर्षं तुमची धुणी धुतली, शेण काढलं आणि त्या कारकुनाचा चहाही केला. साखर जरा जास्तच पडली त्या चहात.

त्यावरून भांडायला हे पत्र लिहीत नाही. तेव्हा पुष्कळ भांडले, मनातल्या मनात. तू घाबरला होतास हे आता कळतं. कारकून वेडेवाकडे प्रश्न विचारत होता, कुणाचा हिस्सा, कुणाची वाटणी, आणि तुला वाटलं की एक नाव वाढलं तर पदरात पडणारा तुकडाही अडकून पडेल. कळतं म्हणजे पटतं असं नाही. पण कळतं.

सोबतच्या कागदावर तुझी सही हवी आहे. यादीत ज्याचं नाव आहे अशा घरच्या माणसाने लिहून द्यायचं की ही बाई बुडालेल्या घरात आमच्यासोबत राहत होती. मजकूर छापलेला आहे, तुला काही लिहायचं नाही. यामुळे तुझी जागा जाईल का, तुला कुणी खोटारडा म्हणून बोलावेल का, हे मी खिडकीत तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो वैतागला आणि त्याने कागदाच्या मागे लिहून शिक्का मारला, की मिळालेलं काही परत घेतलं जाणार नाही. उलटून बघ.

पंधरा फेब्रुवारीच्या आत कागद द्यायचा आहे. नाही दिला तर परीक्षेलाच बसता येणार नाही. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे तुलाही माहीत आहे. आत्ताही घराचा तुकडा मागत नाही. मी त्या घरात होते, एवढंच मागते.

गुडघ्याला गरम शेक घे. ओझं उचलू नकोस.

तुझी धाकटी


ता. २७ जानेवारी

ती. दादास नमस्कार.

कागद मिळाला. पोस्टमन दारात आला तेव्हा हात सिमेंटने भरलेले होते, म्हणून पाकीट पोरीने फोडलं. तिने आधी वाचलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, सही न करताच परत पाठवलास.

सही तर होतीच. पण छापील मजकुराखाली जी रिकामी जागा होती, तिथे तू तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लिहिलंस: "ही माझी सख्खी बहीण. मोजणीच्या दिवशी ती आणि तिची लहान मुलगी दोघी घरातच होत्या आणि आधीपासून राहत होत्या. कारकुनाने विचारलं तेव्हा मी पाहुणी म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. नाव गाळलं ते मी. तिची काही चूक नाही."

हे तुला कुणी लिहायला सांगितलं होतं? सरकारी कागदावर जेवढं विचारतात त्याच्या अर्धंच माणसं सांगतात आणि तू न विचारलेलं लिहून मोकळा झालास. आणि मी माझ्यापुरतं मागितलं होतं, तू पोरीचंही नाव घातलंस. मागे शिक्का असला तरी तुला धाकधूक वाटली असणार, मला माहीत आहे. तुला साधं वीजबिल भरायचं असलं तरी आदल्या दिवशी जेवण जात नाही.

मी तो कागद पोरीला मोठ्याने वाचायला लावला. मग शिडीला बोलावून तिलाही ऐकवला. ती म्हणाली, तुझा भाऊ मोठा माणूस आहे. मी म्हटलं, आहेच. अकरा वर्षांत तुझ्याबद्दल हे पहिल्यांदा म्हटलं आणि म्हणताना मान ताठ झाली.

आणि मग जेवण गेलं नाही, ते माझं.

कागद मी अजून खिडकीत दिलेला नाही. डब्यात ठेवला आहे. तू तुझं सगळं लिहून दिलंस आणि मी तुझ्या सहीवर माझं खोटं तसंच ठेवून कार्ड घ्यायचं, हे मला जमेना. मी स्वतःला समजावून पाहिलं. म्हटलं, आधी कार्ड घेऊ, मग सांगू. पण पुढे ढकललेली गोष्ट मी कशी ढकलत नेते हे मला चांगलं माहीत आहे. ही तर अकरा वर्षं ढकलली.

साइटवर मला ओळंबेबाई म्हणतात.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. आलं असेल तर हातातलं पत्र खाली ठेवून एक घोट पाणी पी आणि मग पुढे वाच.

बाबांचा ओळंबा मी नेला. पितळेचा तो लोळक, त्याची दोरी आणि वरची ती लाकडी ठोकळी, सगळंच. सामान भरायच्या आदल्या दिवशी खिळ्यावरून काढला आणि माझ्या पिठाच्या डब्यात, पिठाच्या आत खुपसला. बाबांनी तो तुला दिला होता. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नव्हतं तरी तुझ्या हातात ठेवला होता. तू गवंडीकाम कधी केलं नाहीस, तुला गिरणी काढायची होती, पण तो ओळंबा तू दर आठवड्याला पुसायचास हे मी बघितलं आहे. म्हणूनच नेला. तू माझं नाव गाळलंस, मग तुझं काहीतरी मला गाळायचं होतं. विकण्यासाठी नव्हे आणि कामासाठीही नव्हे. तुला खुपावं म्हणून.

एवढंच असतं तर एवढी लाज वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी ओळंबा सापडेना. घराची कौलं उतरवायला मिस्त्रीकाका सकाळपासून राबत होते. बाबांबरोबर त्यांनी तीस वर्षं भिंती बांधल्या, गावातलं एकही घर असं नव्हतं ज्याला त्या दोघांचा हात लागला नव्हता, आणि ती सगळी घरं त्या आठवड्यात ते स्वतःच्या हातांनी उतरवत होते. तू सगळ्यांसमोर त्यांना म्हणालास, "काका, हत्यार बघून मोह सुटला का?" त्यांनी हातातलं कौल अलगद खाली ठेवलं, पिशवी तुझ्यासमोर उपडी केली आणि निघून गेले. तिथे ट्रकच्या कडेला, लोक बघत असताना, मी त्या पिठाच्या डब्यावर बसले होते. उठून झाकण उघडायला किती वेळ लागला असता? मी उठले नाही. तू सगळ्यांसमोर तोंडघशी पडावास असंही वाटत होतं आणि मी पडू नये असंही. काका पडले.

तुझ्या धाकट्याकडून कळतं की तुम्ही दोघं एकाच वसाहतीत राहता आणि समोरासमोर आलात तर काका रस्ता बदलतात. त्यांच्या घरचं दळण दुसऱ्या गिरणीवर जातं, तेही दोन मैल लांब. दादा, ते दळण मी दोन मैल चालवलं.

ओळंब्याने मला शिक्षाही केली, तीही सांगते. स्टोअरच्या भिंतीवर हात बसल्यावर मी तो पहिल्यांदा कामावर काढला. दिमाखात पुसला. ठोकळीवर मळकट, काळपट दोरा गुंडाळलेला होता, तो घाण वाटला म्हणून कापून टाकला. आणि मी विटांची उभारलेली पहिली भिंत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कलली. पुन्हा केली, पुन्हा एक सूत. तीनदा. मला वाटलं, माझ्या हातातच खोट आहे, बाईचं हे काम नाही म्हणतात ते खरंच असेल. चौथ्यांदा डोक्यात उजेड पडला. ठोकळी भिंतीला टेकवून लोळक खाली सोडायचा, तर ठोकळीची रुंदी आणि लोळकाची जाडी सारखी लागते, तरच भिंत खरी कळते. बाबांची ठोकळी वर्षानुवर्षं भिंतींना घासून झिजली होती आणि तेवढी झीज त्यांनी दोरा गुंडाळून भरून काढली होती. नवी ठोकळी घेतली नाही, दोरा वाढवत गेले. मी तो एका मिनिटात कापला. मग महिनाभर वेढे घालून, काढून, पुन्हा घालून जेव्हा भिंत उभी राहिली तेव्हा मी तिथेच खाली बसून रडले. मिशीवाला बिगारी घाबरून पाणी घेऊन आला.

हे सांगण्यात फुशारकी आहे, मला कळतं. चोरीच्या हत्याराने शिकले आणि वर भाव खाते. पण ती भिंत मी उभी केली हेही खरं आहे आणि ते मी कमी करून सांगणार नाही.

ओळंबा आजच वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. पीठ झटकून पाठवते, काळजी नको. माझ्यासाठी एकच कर. काकांना सांग. माझं नाव घेऊन सांग, लपवू नकोस, आणि जसं सगळ्यांसमोर म्हणालास तसं सगळ्यांसमोर सांग. मी येऊन पाया पडणारच आहे, पण त्यांनी आणखी वाट बघू नये.

आणि सहीचं. हे वाचून तुला ती मागे घ्यावीशी वाटली तर तसं कळव. मी कागद जसाच्या तसा परत पाठवीन आणि तुझ्याबद्दल वाईट बोलणार नाही. पंधरा तारखेच्या दुपारी खिडकी बंद होते. चौदापर्यंत वाट बघते. काही उत्तर आलं नाही तर ते उत्तरच समजेन आणि कच्चं कार्ड नव्याने काढून घेईन. थापी काही कार्ड बघून चालत नाही. पडले तर मात्र पंचाईत.

तुझ्या लिहिलेल्या ओळी पोरीने वहीत उतरवून घेतल्या आहेत. कागद परत गेला तरी त्या राहतील.

डब्यावर बसलेली तुझी बहीण


ता. २० फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र अकरा तारखेला आलं. पहिली ओळ "कागद दे" एवढीच. पत्राची सुरुवात अशी करतात का रे? ना नमस्कार ना खुशाली. पण ती ओळ वाचून मी चप्पल न घालताच निघाले, कोपऱ्यावरून पोरीने हाक मारून चपला आणून दिल्या. कागद त्याच दिवशी दिला. खिडकीतल्या माणसाने तुझ्या खालच्या ओळी वाचल्या, मान वर करून मला बघितलं आणि शिक्का मारताना उगाचच दोनदा मारला.

पुढचं पत्र मी बाकावर बसून वाचलं. तू शनिवारी, गिरणीवर दळणाची सगळ्यात मोठी रांग असते तेव्हा काकांना बोलावणं धाडलंस. ते येईनात तेव्हा वहिनी गेली आणि हात धरून घेऊन आली. मग तू गिरणी बंद केलीस. हे वाचताना मला पुन्हा मागे जावं लागलं, नीट वाचलं ना म्हणून. दुपारच्या रांगेत, अर्धं दळण गिरणीत असताना, तू गिरणी बंद केलीस, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, आणि म्हणालास, "काका, ओळंबा माझ्या बहिणीने नेला होता आणि तिने का नेला तेही सांगतो." आणि मग तुझं यादीचंही सांगितलंस. ते सांगायला मी म्हटलं नव्हतं. मी माझी लाज तुझ्या हातात दिली आणि तू तुझीही तिच्या शेजारी ठेवलीस, म्हणजे लोकांनी एकटीला नावं ठेवू नयेत. दादा, हे मला लिहिताना अवघड जातंय, म्हणून सरळच लिहिते. मला तुझा फार अभिमान वाटला. बाबांना सुद्धा वाटला असता आणि त्यांनी तो तोंडाने कधी सांगितला नसता.

तू ओळंबा काकांना देऊन टाकलास हे वाचून आधी मला चक्क राग आला. म्हटलं, मी तो तुला परत दिला होता. मग लक्षात आलं की तुझ्याकडे तो खिळ्यावर टांगला गेला असता आणि माझ्याकडे चोरीचा राहिला असता. तो हक्काने हातात घेणारा माणूस एकच उरला होता. बरोबर केलंस.

आता परीक्षा. सतरा तारखेला झाली. आम्ही चाळीसजण होतो, त्यात बाया दोन. दारावरच्या माणसाने मला सांगितलं की बिगारींची नोंदणी मागच्या बाजूला आहे. मी म्हटलं, असू दे, तुम्हाला लागली तर तुम्ही जा. प्रत्येकाला चार हात भिंत आणि एक कोपरा होता, वेळ जेवणाच्या सुट्टीपर्यंत. हत्यारं मंडळाची, सगळी कोरी करकरीत, आपलं काही वापरायचं नाही. सगळे खूश झाले आणि माल कालवायला लागले.

मी आधी ओळंबा हातात घेतला. एकदा हात पोळलेली बाई मी. ठोकळी लोळकाशी लावून बघितली. कमी होती. अर्धं सूत असेल, पण कमी. नव्याकोऱ्या हत्यारात. शेजारी ठेवलेल्या आणखी दोन लावून बघितल्या, त्याही तशाच. मी डोक्याच्या रुमालाच्या काठातून दोरा काढला आणि ठोकळीवर गुंडाळायला लागले. शेजारचा गवंडी बघत होता, म्हणाला, काय बाई, दृष्ट काढताय का? सगळे हसले.

गप्प बसावंसं वाटलं. खरं सांगते. सगळ्यांच्या भिंती कलल्या असत्या आणि माझी एकटीची उभी राहिली असती. पण चाळीस माणसं, कुणी कुठून उठून आलेलं, कुणाचं गाव आहे, कुणाचं नाही, आणि त्या कार्डाशिवाय पडलं तर बसमध्ये बसवून देणार. मी पुन्हा एकदा डब्यावर बसणार नव्हते. मी मोठ्याने म्हटलं, "आपापली ठोकळी तपासा. सगळ्या खोट्या आहेत."

शेजारच्याने तपासली आणि त्याचं हसू मावळलं. मग पाठोपाठ एकेकाने. कुणी बनियनचा दोरा ओढला, कुणी पिशवीचा, दुसऱ्या बाईने ओढणीचा काठ उसवून चौघांना वाटला. परीक्षक धावत आले, हा काय प्रकार आहे म्हणून. मी त्यांना दाखवलं. त्यांनी स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं. मग घड्याळ बघून सगळ्यांना वाढीव वेळ दिला. बिचाऱ्यांनी ते ओळंबे स्वतः जाऊन पसंत केले होते म्हणे.

भिंत झाली. परीक्षकांनी पट्टी लावली, सगळीकडून, त्या सुपरवायझरसारखीच. मग वहीत लिहिता लिहिता विचारलं, कुठे शिकलात? आजवर मी स्टोअरच्या भिंतीचं नाव सांगत आले. या वेळी म्हटलं, घरी. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण होतं? त्यांना गवंडी कोण होतं असं म्हणायचं असणार, हे मला नंतर कळलं. मी म्हणून गेले, "आम्ही सातजण होतो." त्यांनी मान डोलावली, जणू हे नेहमीचंच उत्तर.

कार्ड काल हातात आलं. पक्कं आहे. फोटोत मी चोरासारखी दिसते, ते आता चालवून घेऊ. कामाच्या रकान्यात गवंडी असं छापलं आहे. पोरीने ते भिंतीला टेकवून ठेवलं आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. शिडी काठी टेकत दोन जिने चढून बघायला आली.

पण दादा, कार्ड मिळालं तेव्हा मी फार उड्या मारल्या नाहीत आणि पोरीला त्याचं नवल वाटलं. तिला मी कारण सांगितलं. मला दाखला त्याच्या आधीच, अकरा तारखेला मिळाला होता, तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींत. त्या मला आता पाठ आहेत. काकांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तू ओळंबा त्यांच्या हातात ठेवलास, त्यांनी लोळक चाचपला, मग ठोकळीवर अंगठा फिरवला आणि थांबले. म्हणाले, "हा दोरा त्याचा नाही. कुणी बांधला?" तू म्हणालास, बहिणीने. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मोजून बांधलाय. ती गवंडी आहे."

रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं असं तू लिहिलंस. मग गिरणी पुन्हा चालू केलीस आणि पहिलं दळण काकांचं दळलंस.

सुट्टीत आम्ही दोघी येतो. काकांच्या पाया पडायचं आहे आणि तुझ्या गिरणीच्या मागच्या भिंतीला ओल आली आहे असं वहिनीने लिहिलंय, ती खरवडून ठेव. गिलावा मी करीन. माल तू कालवायचास, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.

उत्तर लवकर पाठव. आणि पाकिटावर माझ्या नावाआधी मोठ्या अक्षरात गवंडी असं लिही. तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी आमचा पोस्टमन लावतो बरोबर, आणि तो पाकिटं दारोदार मोठ्याने वाचत येतो.

तुझ्या घरातल्या सातांपैकी एक,
तुझी धाकटी